पासिंगचा ट्रक आणि आठचा आकडा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय: पक्कं लायसन्स देण्याआधी प्रत्येक उमेदवाराला पाच मिनिटं ट्रकच्या केबिनमध्ये बसवण्याबाबत.



मी सातारा जिल्ह्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. विद्यार्थ्यांना घेऊन महिन्यातून पाच-सहा वेळा तरी आपल्या खात्याच्या परीक्षा मैदानावर येते. त्या मैदानाचं चित्र आधी आपल्यासमोर मांडते, कारण माझी सगळी मागणी त्यातच आहे.

मैदानाच्या एका कडेला जमिनीवर आठचा आकडा आखलेला आहे. आमची पोरं स्कूटरवरून तो आठ काढतात. पाय टेकायचा नाही, रेषेबाहेर जायचं नाही. दुसऱ्या कडेला, भिंतीलगत, पासिंगला आलेले ट्रक उभे असतात. फाळक्यावर रंग अजून ओला असतो, मागे लाल आणि बाजूला पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या चकाकत असतात, बंपरला लिंबू-मिरची लटकत असते. ड्रायव्हर आपापल्या ट्रकच्या सावलीत उकिडवे बसून नंबर लागायची वाट बघतात. या कडेपासून त्या कडेपर्यंतचं अंतर मी मोजलं आहे. माझी बावन्न पावलं भरली.

दुपारी पोरगी लायसन्स पास होऊन बाहेर पडते आणि ट्रक पासिंग होऊन बाहेर पडतो. हे दोघे पुढे कुठल्या तरी वळणावर, सिग्नलला किंवा घाटात भेटणार हे नक्की असतं. पण एकाच सकाळी एकाच मैदानावर असूनही त्यांची ओळख करून देण्याचं काम कुणाचंच नसतं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला कोणी म्हटलं नाही, “बाळ, त्या ट्रकात चढ आणि तिथून तुझी स्कूटर दिसते का बघ.”

साहेब, मी ट्रकड्रायव्हरची मुलगी आहे. आबा सांगलीहून हळद आणि कराडहून गूळ घेऊन वाशी मार्केटला जायचे. दोन खेपांच्या मध्ये गाडी घरासमोर उभी असायची. मी दहा वर्षांची असताना एका दुपारी त्यांनी धाकट्या भावाला स्टिअरिंगमागे बसवलं, उशीवर उशी ठेवून त्याची नजर ड्रायव्हरच्या उंचीला आणली आणि मला गाडीच्या तोंडाशी, बंपरला चिकटून उभं केलं.

“ताई दिसतीय का रं?”

“न्हाई.”

मला एक ढांग पुढं सरकवलं. “आता?”

“न्हाई.”

तिसऱ्या ढांगेला भाऊ ओरडला, “डोस्कं दिसलं!” मग आबांनी मला क्लीनरच्या बाजूला, डाव्या दाराच्या खाली उभं केलं. भावाने आरशात पाहिलं, काचेतून पाहिलं आणि तो रडायलाच लागला. त्याला वाटलं, मी त्याला एकट्याला सोडून घरात निघून गेले. मी तिथंच होते. हात वर केला असता तर दाराला लागला असता.

तो खेळ आबांनी का मांडला होता, ते मला फार नंतर कळलं. त्याच्या आदल्या वर्षी एका गावात डावीकडे वळताना त्यांच्या मागच्या चाकाखाली सायकलवरचा दूधवाला आला होता. कोर्टात वकिलाने विचारलं, “एवढ्या मोठ्या काचेतून तुम्हाला माणूस दिसला नाही?” आबा म्हणाले, “न्हाई दिसला, साहेब.” कोर्टात कोणाला ते पटल्यासारखं वाटलं नाही. केस कित्येक वर्षं चालली आणि आबा सुटले. सुटले, असं आम्ही म्हणायचो. ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. तेव्हापासून गाडी सुरू करण्याआधी ते खाली उतरून गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारत. ढाब्यावरच्या लोकांना वाटायचं, माणूस मोठा भाविक आहे, गाडीला प्रदक्षिणा घालतो.

त्या केबिनमधून काय दिसत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. पण ज्यांना आपण लायसन्स देतो त्यांना ते कोणी सांगितलेलं नाही. नाकासमोरच्या दोन-तीन ढांगा दिसत नाहीत. फाळक्यामागे जे आहे ते दिसत नाही. उजव्या दारामागचा एक पट्टा आरशातून निसटतो. आणि सगळ्यात वाईट अवस्था डाव्या बाजूची. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डावं दार त्याच्यापासून पूर्ण केबिनभर लांब आणि पुरुषभर उंच. त्या दाराखाली दोन स्कूटर सहज मावतात आणि वर त्यांची चाहूलही लागत नाही. आमची पोरं सिग्नलला नेमकी तिथंच जाऊन उभी राहतात, कारण तिथं जागा रिकामी दिसते.

त्यात वळणाची गंमत अशी, की लांब गाडी डावीकडे वळायच्या आधी उजवीकडे जाते. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून कापत येतात. ड्रायव्हरने ती जागा ठेवली नाही तर मागचं चाक फुटपाथवर चढेल. स्कूटरवाल्याला मात्र वाटतं, ट्रक उजवीकडे चालला, डावीकडे वाट मोकळी झाली. तो आत शिरतो. मग ती वाट मिटते. आबांच्या दूधवाल्याचं हेच झालं होतं.

ब्रेकचंही तसंच. केंद्राने 2018 साली दहा टायरी ट्रकचं एकूण मान्य वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर नेलं. म्हणजे अठ्ठावीस छोट्या कार एकावर एक बांधून कोणी रस्त्यावर सोडाव्यात तसं. अशा ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. पाय दाबला की हवा नळ्यांतून मागच्या चाकापर्यंत पोचायला क्षण लागतो. तो अर्धा सेकंद धरला तरी ताशी 80 किलोमीटरच्या वेगात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागायला तर आत्ता सुरुवात होते. म्हणून जाणता ड्रायव्हर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालतो. कारवाल्याला ते अंतर म्हणजे आपल्यासाठी सोडलेली जागा वाटते. तो त्यात घुसतो आणि पुढच्या स्पीडब्रेकरला ब्रेक दाबतो. ती जागा मोकळी नव्हती, साहेब. ट्रकचा अर्धा ब्रेक त्या जागेतच होता.

उतारावर ही गोष्ट आणखी अवघड होते. जुने ड्रायव्हर म्हणतात, ज्या गिअरवर घाट चढलास त्याच गिअरवर उतर. सारखा ब्रेक दाबत उतरलं तर लायनर तापतात आणि मग पाय कितीही दाबा, चाक धरत नाही. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलावर एका मालवाहू गाडीने कित्येक वाहनांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथवर सलग उतार आहे. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिनच बंद केलं होतं, असं तपासात पुढं आलं. गिअर काढून इंजिन बंद केलं की गिअरची धरही जाते आणि ब्रेकची हवा भरणंही थांबतं. ही चूक शंभर टक्के ड्रायव्हरची, आणि डिझेलचा हिशेब त्याच्या गळ्यात बांधणाऱ्याचीही. पण अशा उतारांवर रोज स्कूटर चालवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना माहीत असतं, की उतारावर ट्रकच्या पुढे रेंगाळू नये आणि तापलेल्या लायनरचा जळका वास आला तर आधी बाजूला व्हावं?

आता कारवाल्यांची एक तक्रार मीच मांडते: ट्रकवाले उजवी लेन अडवून बसतात. खरं आहे, अडवतात. चौपदरी रस्त्यावर डावी लेन त्यांची, पण त्या लेनमध्ये काय असतं ते बघा. उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल, वडापची वाट बघणारी माणसं, ढाब्यासमोर आडवे लावलेले टेम्पो, आणि खड्डे. वजन भरलेली गाडी सारखी थांबवायची आणि पुन्हा उचलायची म्हणजे डिझेल आणि क्लच दोन्ही जातात, म्हणून तो उजवी धरतो. मग कारवाला चिडून डावीकडून काढतो, म्हणजे नेमका आंधळ्या बाजूने. आधी लेन चुकली, मग ओव्हरटेक चुकला. पंचनाम्यात फक्त शेवटची चूक लिहिली जाते.

एके काळी या आंधळ्या बाजूला एक डोळा होता. त्याला क्लीनर म्हणत. डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकलेला पोरगा, दारावर थापा मारून सांगायचा, ‘येऊ दे, येऊ दे, बास.’ रात्री तोच चाकाखाली दगड लावायचा, तोच मागचा दिवा पुसायचा. भाड्यात परवडत नाही म्हणून आता बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. केबिन बदलल्या. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, आणि ते फार चांगलं झालं, कारण मे महिन्यात आबांची पाठ सीटवर भाजलेली मी पाहिली आहे. पण डाव्या दारातली ती थाप गेली, तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. काचा बंद असल्यावर बाहेरचा आवाजही आता कमीच पोचेल.

आवाजावरून आपल्याच कार्यालयाची एक गोष्ट आठवली. एप्रिल 2015 मध्ये परिवहन आयुक्तांनी ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली. त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवण्याला प्रोत्साहन मिळतं, असं कारण दिलं होतं. निर्णय योग्यच होता, त्या तीन शब्दांनी या देशाचे कान किटवले. पण मला त्या पाटीत विनंतीही दिसायची. ‘मला मागचं दिसत नाही, तू आहेस हे कळव,’ असं तो अडाणी समजला जाणारा माणूस मागच्याला सांगत होता. आपण पाटी पुसली, गोंगाट कमी व्हावा म्हणून. मात्र ‘मला तू दिसत नाहीस’ हा निरोप मागच्यापर्यंत पोचवायची दुसरी सोय केली नाही. आता ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला तर तो वळतोय, की ‘ये, काढ’ म्हणतोय, की ‘समोरून गाडी आहे, थांब’ म्हणतोय, हे ज्याने त्याने आपल्या अंदाजाने ठरवायचं.

थांबलेल्या ट्रकबद्दल लिहिताना हात जड होतो. 15 ऑक्टोबर 2023 च्या पहाटेआधी समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि 12 माणसं गेली. तो ट्रक तपासणीसाठी रस्त्यातच थांबवल्याच्या आरोपावरून आपल्या खात्यातल्या दोघांना अटक झाली. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल. मला एवढंच म्हणायचं आहे, की अंधारात उभा ट्रक हा चालत्या ट्रकाइतकाच घातक असतो, हे शिकवण्याची गरज रस्त्यावरच्या सगळ्यांनाच आहे. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की हे रोज दिसतं. मागे दिवा नसलेली ट्रॉली, बाहेर लोंबणारे ऊस. गाडी बंद पडली की मागे दगड आणि बाभळीच्या फांद्या मांडतात आणि दुरुस्ती झाली की गाडी निघून जाते, दगड तिथंच राहतात.

म्हणजे ट्रकवाल्यांची बाजू घेऊन मी त्यांच्या चुका झाकत नाही. दिवा नाही, मागचा आडवा दांडा वाकलेला, झोप नाही, कधी दारूही. मोटार परिवहन कामगारांचा 1961 चा कायदा दिवसाला आठ तासांचं काम सांगायचा. आबांना असा कायदा आहे हे मीच सांगितलं, ते निवृत्त झाल्यावर. ते बराच वेळ हसत होते. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला नव्या हिट अँड रन कलमातल्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ट्रकचालक संपावर गेले, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सगळ्यांना पहिल्यांदा त्यांची आठवण झाली. ड्रायव्हर पळाला तर काय शिक्षा आणि थांबला तर जमाव काय करील, यावर तेव्हा घराघरात बोलणं झालं. ते सगळं अपघात झाल्यानंतरचं होतं.

केंद्राच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली 15,224 आपल्या राज्यात. देशभरातल्या मेलेल्यांपैकी जवळपास 45 टक्के दुचाकीवरचे होते. सगळेच काही ट्रकखाली आले नाहीत. पण स्कूटरवरच्या माणसाला ट्रकशी केलेली चूक सहसा सुधारायला मिळत नाही.

गेल्या दोन वर्षांपासून मी एक छोटा उद्योग करते. आबांच्या एका जुन्या सोबत्याचा ट्रक गावाबाहेर उभा असतो. शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी शेवटच्या आठवड्यात तिथं नेते. एकजण वर बसतो, बाकीचे आपापल्या स्कूटरवर गाडीभोवती उभे राहतात, आणि वरच्याने खाली किती माणसं आहेत ते मोजायचं. परवा सहा जण उभे होते. वरची मुलगी म्हणाली, “तीन.” मी म्हटलं, पुन्हा मोज. तिने आरसे पाहिले, मान लांब केली. “तीनच आहेत, मॅडम.” मग तिला खाली उतरवलं आणि उरलेले तिघे तिनेच शोधले. एक बंपरसमोर, एक फाळक्यामागे, एक डाव्या दाराखाली. डाव्या दाराखाली तिची सख्खी मैत्रीण होती. त्यानंतर मला तिला एकही नियम सांगावा लागला नाही. उलट तिनेच मला विचारलं, “मग सिग्नलला उभं कुठं राहायचं?” मी सांगितलं, एक तर अंतर राखून पूर्ण मागे, नाही तर एवढं पुढे की तुला तुझ्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. त्याचा चेहरा तुला दिसत नसेल, तर तुझाही त्याला दिसत नाही.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून जगात पहिल्यांदा आलेली नाही. लंडनमध्ये लॉरीखाली सायकलस्वार मरत होते तेव्हा तिथल्या पोलिसांनी रस्त्याकडेला लॉरी उभी करून सायकलवाल्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवायला सुरुवात केली. तिथंही आपल्यासारखंच ड्रायव्हर उजवीकडे आणि आंधळी बाजू डावीकडे. पुढे 2021 पासून त्या शहरात 12 टनांवरच्या लॉरीला, केबिनमधून बाहेरचं थेट किती दिसतं यावरून दिलेल्या दर्जाची अट लागू झाली. दर्जा कमी असेल तर जादा उपकरणं बसवल्याशिवाय शहरात शिरता येत नाही. हा दुसरा भाग खर्चाचा आहे, आणि कधी तरी आपल्यालाही तो करावा लागेल. पहिल्या भागाला मात्र एक उभा ट्रक आणि पाच मिनिटं पुरतात.

आणि उभे ट्रक आपल्याकडे आहेतच. ते पासिंगच्या रांगेत, माझ्या बावन्न पावलांवर, सकाळपासून उभे असतात. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या पडद्यावर देता येते, तिथं चिन्हं ओळखली की झालं. पक्क्या लायसन्ससाठी मात्र उमेदवाराला सहसा मैदानावर यावं लागतं. त्याच दिवशी, आठ काढण्याआधी, त्याला एका रिकाम्या, इंजिन बंद असलेल्या ट्रकमध्ये बसवा आणि खाली किती माणसं उभी आहेत ते मोजायला लावा. आकडा चुकला तरी नापास करू नका. चुकणारच. तो चुकावा म्हणूनच हे करायचं आहे. जिथं पासिंग आता यंत्रांवर, दुसरीकडे होतं, तिथं एक जुना जप्त ट्रक भिंतीला लावून ठेवला तरी काम भागेल.

दुसऱ्या बाजूनेही हेच व्हावं. पासिंगला आलेल्या ड्रायव्हरला आमच्या पोरांच्या स्कूटरवर बसवून त्याच्याच ट्रकच्या मागे पन्नास पावलांवर उभं करा. त्याचा मागचा दिवा त्याला तिथून किती दिसतो, रिफ्लेक्टरवरचा चिखल कसा दिसतो, हे त्याला कधी कोणी दाखवलं आहे? वर बसलेल्या माणसाला खालून स्वतःची गाडी केवढी दिसते, हे एकदा कळलं की हॉर्न वाजवतानाही हात थोडा थांबेल.

हे सुरू करायला कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही. आपलं एक परिपत्रक पुरेल, आणि तेवढंही लगेच जमत नसेल तर एका मैदानावर एक महिना करून बघायची परवानगी द्या. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, फुलं वाटली जातात, शाळकरी मुलांची फेरी निघते. येत्या जानेवारीत फुलांच्या ऐवजी ट्रकचं दार उघडा.

आबा आता थकले. गाडी चालवत नाहीत, पण मी स्कूटर काढली की काठी टेकत अंगणात येतात आणि स्कूटरभोवती एक चक्कर मारतात. मी हसते. स्कूटरला कसली आंधळी बाजू? ते म्हणतात, “तुला न्हाई गं. तुझ्या म्हागं कोण उभं हाय ते बघतोय.”

परवानगी मिळाली तर पहिल्या दिवशी मी माझे सहा विद्यार्थी घेऊन येईन. ट्रकची पायरी उंच असते आणि साडीतल्या बायकांना चढायला अवघड जातं, म्हणून एक लाकडी स्टूल मीच घेऊन येते. ती सोय खात्याने करायची गरज नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
एक ड्रायव्हिंग शिक्षिका
जि. सातारा